न मुरवलेले फळे

प्रश्न असा होता: घरी तयार केलेला नवा फळा वापरण्यापूर्वी तो एकदा खडूने संपूर्ण पांढरा करून कोरड्या फडक्याने पुसून काढावा, की रंग वाळताच त्यावर थेट चित्र काढावे? हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. निवृत्त शिक्षकाला सहसा कोणी काही विचारत नाही. म्हणून तो स्वतःच प्रश्न काढतो, स्वतःच उत्तर लिहितो आणि स्वतःलाच उदारपणे गुण देतो. या एका प्रश्नाचे उत्तर मात्र मला माझ्या साडूंच्या घरी जाऊन शोधावे लागले. कारण, जिथे जिथे दारावर काही टांगण्याची पद्धत आहे अशा सर्व प्रदेशांत फळ्याचा इतका अविचारी नाद असलेला दुसरा मनुष्य नसावा, असे माझे पूर्ण विचारांती बनलेले मत आहे.

साडू म्हणजे माझ्या पत्नीच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बदलापुरात, चामटोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका इमारतीत ते राहतात. नोकरीत असताना ते एका कारखान्याच्या सुरक्षा विभागात होते. इतरांना आयुष्यभर ‘सावकाश, सावकाश’ असे सांगण्यात त्यांच्या वाट्याचा सगळा सावकाशपणा खर्च झाला असावा, कारण निवृत्तीनंतर त्यांनी एकही गोष्ट सावकाश केलेली मी पाहिली नाही. त्यांना कोणतीही सपाट वस्तू सपाट म्हणून बघता येत नाही. ती त्यांना अजून काळा न झालेला फळा म्हणूनच दिसते. जुन्या कपाटाचे दार, कॅरम बोर्डाची मागची बाजू, मोडलेल्या दिवाणाची फळी, शेजाऱ्यांनी जिन्याखाली तात्पुरते ठेवलेले टेबल, सगळ्यांवर त्यांनी हात फिरवलेला आहे. एकदा आम्ही दोघे एका नातेवाइकांकडे साखरपुड्याला गेलो होतो. मुलाकडची मंडळी मुलीला ओवाळत असताना साडू भिंतीतल्या कपाटावर बोटाने टकटक करत होते. मग माझ्या कानाशी येऊन, एखादे कुळाचे गुपित सांगावे तसे म्हणाले, “मास्तर, आतून प्लाय आहे. उद्या यांनी फर्निचर बदललं तर आपल्याला सांगायला लावा.”

आता या छंदाचा हेतू सांगितला पाहिजे. साडूंना ऋतूप्रमाणे दार सजवायचे असते. बाजारातल्या चमकीच्या माळा त्यांना आवडत नाहीत. दाराशेजारी एक फळा असावा, त्यावर त्या त्या दिवसांचे चित्र खडूने काढावे, दिवस पालटले की पुसून दुसरे काढावे, असा त्यांचा साधा विचार. विचार उत्तम आहे. अडचण एवढीच, की साडूंना चित्र काढता येत नाही, आणि ते नुसते पुसल्याने जातही नाही.

पहिल्या अडचणीवर त्यांनी उपाय शोधलेला आहे. ते चित्राखाली त्याचे नाव लिहितात. वैशाखात त्यांच्या दारावर बटाट्यांचा एक ढीग दिसला, तर खाली ‘हापूस’ असे लिहिलेले असते आणि पाहणाऱ्याचा गैरसमज तत्काळ दूर होतो. आकाशकंदिलाखाली ‘कंदील’, छत्रीखाली ‘छत्री’. दुसरी अडचण अधिक गंभीर असून तीच माझा विषय आहे.

फळा करण्याची कृती त्यांची स्वतःची नाही, पण त्यांच्या हातून होताना ती त्यांचीच वाटते. प्लायवूड पॉलिश पेपरने घासायचे, खड्डे लांबीने, म्हणजे पुट्टीने, भरायचे आणि काळ्या मॅट रंगात टाइल्सच्या फटींत भरतात ती बारीक पूड कालवून दोन हात द्यायचे. पुडीमुळे पृष्ठभाग किंचित खरखरीत होतो आणि खडू उमटतो. रंग आणण्यासाठी आम्ही उल्हासनगरला कॅम्प पाचमधल्या एका दुकानात जातो. तिथल्या सिंधी मालकाला मी पहिल्याच भेटीत विचारले होते, की या रंगातील चमक नेमकी कशाने कमी केलेली आहे, आणि पुडीचे प्रमाण आकारमानाने घ्यावे की वजनाने. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिले आणि साडूंना विचारले, “साईं, ये भाईसाब कहीं से जाँच के लिए आए हैं क्या?” साडू म्हणाले, “नहीं सेठ, मास्तर हैं. आदत है.” तेव्हापासून मी दुकानात शिरलो, की सेठ आधी चहा सांगतो आणि मी प्रश्न विचारायच्या आत तो माझ्या हातात देतो.

रंग कालवायला साडू ताईंचे उलथने घेतात. ताई म्हणजे माझी मेव्हणी. मी त्यांना पत्नीप्रमाणेच ताई म्हणतो. “अहो, त्यानं मी थालीपीठ उलटते,” असे ताई म्हणतात. “मग नवीन घेऊ ना,” असे साडू म्हणतात. नवीन येते आणि तेही काळे होते. दुसरा हात देण्यापूर्वी पहिला पूर्ण वाळू द्यावा, हे मी त्यांना अनेकदा समजावले आहे. साडू वाळला की नाही ते अंगठा दाबून पाहतात. तो वाळलेला नसतो. म्हणून त्यांच्या प्रत्येक फळ्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात त्यांच्या अंगठ्याचा ठसा आहे. एखाद्या मोठ्या चित्रकाराची सही असावी, तसा.

इथवर सर्व क्षम्य होते. पुढची पायरी ते गाळतात, ती अक्षम्य होती. नव्या फळ्याच्या खरखरीत पृष्ठभागात बारीक बारीक छिद्रे असतात. तुम्ही पहिल्यांदा जे काही काढता, त्याचा खडू त्या छिद्रांत जाऊन बसतो आणि पुसल्यावरही पुसटसा दिसत राहतो. म्हणून प्रथम खडू आडवा धरून सबंध फळ्यावर उभा आणि मग आडवा फिरवावा व पुसून टाकावा, म्हणजे सगळी छिद्रे सारखी भरतात आणि पुढचे कोणतेही चित्र मागे राहत नाही. या क्रियेला मी ‘फळा मुरवणे’ म्हणतो. साडूंना ती मान्य नाही. “मास्तर, मुरवायचं ते लोणचं,” ते म्हणाले. “नवा शर्ट घालायच्या आधी कोणी मातीत लोळवून धुऊन काढतो का? नव्या फळ्यावर पहिलं चित्र ताजं पडलं पाहिजे.”

पहिले चित्र ताजे पडे आणि मग कायमचे राहत असे. एका उन्हाळ्यात त्यांनी नव्या फळ्यावर जांभळे काढली. बदलापूरच्या मनुष्याने जांभळे काढावीत हे योग्यच आहे. स्टेशनबाहेर बारवी धरणाकडच्या बायका जांभळांच्या टोपल्या घेऊन बसल्या, की साडूंना राहवत नाही. भाद्रपदात ती पुसून त्यांनी त्याच जागी गणपती काढला. काढताना फळा ओला होता म्हणून काही दिसले नाही. वाळल्यावर देवाच्या सर्वांगावर गोल गोल ठिपके उठले. समोरच्या काकू दर्शनाला आल्या, त्यांनी हात जोडले आणि हळूच ताईंना विचारले, “यंदा बाप्पाला कांजिण्या आल्यात का हो?” दुसऱ्या एका फळ्यावर दिवाळीच्या कंदिलावर आषाढातली छत्री आली. भर पावसात छत्रीच्या पोटात कंदील पेटलेला आहे, असे ते दृश्य होते. साडूंनी शांतपणे खाली लिहिले, ‘छत्री व कंदील’.

फळा असा एकदा ‘उठला’ की साडू नवा करीत आणि जुना आतल्या खोलीत ठेवीत. आतल्या खोलीतून आधी शिवणयंत्र बाहेर आले, मग इस्त्रीचे टेबल, मग ताई.

आता, निःपक्षपातीपणासाठी, माझ्या फळ्याविषयीही सांगतो. साडूंना प्रत्यक्ष उदाहरणाने पटवावे म्हणून अंबरनाथला, पालेगावच्या बाजूला जिथे आम्ही राहतो तिथे, मीही एक फळा केला. मी त्याच्या चारही कोपऱ्यांना काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला. प्रत्येक हात पूर्ण वाळू दिला. अंगठा खिशात ठेवला. फळा तीनदा मुरवला. तो इतका निर्दोष झाला, की त्यावर काय काढावे हे मला सुचेना. शेवटी मी वरच्या उजव्या कोपऱ्यात तारीख घातली, मध्यभागी ‘विषय : दिवाळी’ असे लिहून खाली दोन रेघा मारल्या, डावीकडे समास सोडला आणि ‘शुभ दीपावली’ लिहिले. सजावट दाराबाहेर लावली. दोन दिवस मजल्यावरचे लोक थांबून वाचत होते. मला धन्यता वाटत होती. मग वरच्या मजल्यावरच्या गृहस्थांनी बेल वाजवून विचारले, “सर, सगळं लिहिलंत, पण टँकर कधी येणार ते नाही लिहिलं.” सोसायटीचा सूचनाफलक माझ्या दाराशी हलवला आहे, अशी सर्वांची समजूत झाली होती. पत्नी म्हणाली, “निदान भावोजींच्या बटाट्यांना कोणी नोटीस तरी समजत नाही.”

या वर्षी दिवाळीच्या आधी ताईंचा फोन आला. मुलगा आणि सून तान्ह्या नातवाला घेऊन प्रथमच बदलापूरला राहायला येणार होते. बाळाचा पाळणा आतल्या खोलीत लावायचा होता आणि आतल्या खोलीत फळे होते. “भावोजी, तुम्ही या रविवारी,” ताई म्हणाल्या. “तुम्ही शिकलेले आहात फळ्यातलं. जो धुऊन कोरा होईल तो ठेवू. जो नाही होणार तो घरातून जाणार. भाजीवाल्या मावशींचं कोंबड्यांचं खुराडं मोडलंय, त्या न्यायला तयारच आहेत. यांना मी सांगितलंय, मास्तर म्हणतील ते शेवटचं.”

परीक्षकाची नेमणूक मिळाल्यावर मी किती सरळ बसलो, हे पत्नी अजून सांगते. मी स्वच्छ फडकी घेतली, पाणी मारण्यासाठी स्पंज घेतला आणि नमुना म्हणून माझा फळाही काखेत मारून नेला.

साडूंनी दार उघडले, तेव्हा नेहमीप्रमाणे “या मास्तर” असे ते म्हणाले नाहीत. माझ्या काखेतल्या फळ्याकडे बघून म्हणाले, “साक्षीदार आणलात वाटतं.” चेहरा हसरा होता, पण ते सारखे आतल्या खोलीच्या दाराकडे पाहत होते. चहा घेतानाही त्यांनी खुर्ची अशी वळवली होती, की ते दार त्यांना दिसत राहावे.

आम्ही फळे एकेक करून गॅलरीत आणले. मी प्रत्येक फळा ओल्या स्पंजने पुसला. ओला फळा गडद काळा दिसतो, त्यावर काहीच दिसत नाही. साडूंनी आनंदाने टाळी वाजवली. “बघ गं, कोरा! सगळे कोरे!” मी म्हटले, “वाळू द्या.” मग ऊन कलते झाले, पाणी कडेकडेने आटू लागले, आणि एकेका फळ्यातून मागचे ऋतू वर येऊ लागले. जांभळे आली. कंदील आला. संक्रांतीचा पतंग आला, त्याची शेपटी कुठल्याशा श्रावणातल्या झोक्याला गुंडाळलेली होती. मी प्रत्येकासमोर उभा राहून “अनुत्तीर्ण” असे म्हणत गेलो. तरी काही फळे वाळेचनात, याचे मला आश्चर्य वाटले. मागे वळून पाहिले, तर साडू झाडांना पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेऊन त्यांच्यावर हळूच पाणी उडवत होते.

“साडूभाऊ!” मी वर्गातल्या आवाजात म्हणालो.

“तुळशीला घालत होतो,” ते म्हणाले. तुळस गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला होती.

सगळे फळे नापास झाले. साडूंनी एकासाठीही हुज्जत घातली नाही, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी हात पुसले आणि निकाल वाचणार, इतक्यात ताई आतून ओरडल्या, “भावोजी, एक राहिलाय! कपाटाच्या मागे उभा घातलाय यांनी.”

साडू झटकन उठले. “तो नको. तो कामाचा नाही.”

“कामाचा नाही म्हणूनच तर,” ताई म्हणाल्या.

“तो माझा आहे.”

“आणि बाकीचे काय माझे होते?”

फळा मीच बाहेर आणला. कॅरम बोर्डाचा होता, कोपऱ्यात अंगठा होता. वर कसलेतरी जुने चांदणे काढलेले होते. मी स्पंज उचलला, तेव्हा साडूंनी माझा हात धरला. आमच्या साडूपणाच्या साऱ्या काळात त्यांनी माझा हात धरण्याची ती पहिलीच वेळ. “मास्तर, हळू पुसा,” ते म्हणाले. ज्या मनुष्याने कधी रंगही वाळू दिला नाही, तो मला हळू म्हणत होता.

मी हळू पुसला. फळा काळा झाला. आम्ही तिघेही उगाचच त्याच्यासमोर उभे राहिलो. पाणी आटले, तसे चांदणे गेले आणि त्याच्याखालून एक उभी रेघ वर आली. ती सरळ नव्हती. वर एक भांडे होते, कलश म्हणावे तर फार पसरट. पातळाच्या निऱ्या एकाच बाजूला पडल्या होत्या. गुढी होती. खाली नाव लिहिलेले नव्हते, म्हणजे ती साडूंची नव्हती.

“ही कुणी काढली?” मी विचारले. परीक्षकाने विचारलेच पाहिजे.

मग ताई हळूच म्हणाल्या, “तो कलश नाही, पातेलं दिसतंय नुसतं.”

“पातेलंच आहे,” साडू म्हणाले. “पण आहे.”

तेव्हा मला ते वर्ष आठवले. पाडव्याच्या तोंडावर साडूंच्या छातीत कळ आली आणि त्यांना घाईने इस्पितळात न्यावे लागले. रंगवून ठेवलेला नवा फळा दाराशी तसाच कोरा राहिला. ताई सकाळी डबा घेऊन जात, संध्याकाळी परत येत. या फळ्यांना त्यांनी कधी हात लावलेला नव्हता. खडू हातात घेणे त्यांना पोरखेळ वाटे. पण पाडव्याला दार रिकामे दिसू नये म्हणून, की आणखी कशासाठी ते मला माहीत नाही, त्यांनी डबा खाली ठेवून ती गुढी काढली होती. साडू घरी आले तेव्हा ती दारावर होती. पुढे ती पुसली गेली, वर चांदणे आले, आणि ताई विसरून गेल्या. फळा मुरवण्यावरून साडू माझ्याशी भांडू लागले ते त्याच वर्षापासून, हेही माझ्या आता लक्षात आले. त्याआधी ते नुसतेच घाई करत असत. वाद घालत नसत.

ताईंनी पदराने फळ्याची कड पुसली. मधल्या भागाला हात लावला नाही. “हा राहू द्या,” त्या म्हणाल्या. “पाळण्याच्या वर जागा आहे.” मग लगेच आवाज चढवून, “बाकीचे आजच्या आज गेले पाहिजेत!”

“गेले समज,” साडू म्हणाले, आणि बाकीचे फळे त्यांनी स्वतः उचलून दाराशी नेऊन ठेवले.

संध्याकाळी चामटोलीच्या भाजीवाल्या मावशी मुलाची रिक्षा घेऊन आल्या. कांजिण्यांचा गणपती त्यांनी हात जोडून बाजूला ठेवला. “देव खुराड्याला नको लावायला,” त्या म्हणाल्या. बाकीचे घेतले. मग दाराशी टेकून ठेवलेल्या माझ्या फळ्यावर त्यांची नजर गेली. त्यांनी तो उलटसुलट केला, कोपरे पाहिले. “ताय, ह्यो बरा हाय. काय सुदिक नाय याच्यावर. दाराला लावते.”

मी घसा खाकरला. ताईंनी माझ्याकडे बघितलेच नाही. “न्या, न्या,” त्या म्हणाल्या. “त्याच्यावर काही राहतच नाही.”

साडूंनी रिक्षापर्यंत तो स्वतः पोहोचवला. परत येऊन त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “मास्तर, मावशींच्या कोंबड्या आता समास सोडून अंडी घालतील.” मी या विनोदाला हसलो नाही. अंबरनाथ येईपर्यंत हसलो नाही.

दिवाळीच्या आधी मी घरी दुसरा फळा केला. पुन्हा गुण्या लावला, पुन्हा दोन हात दिले, पूर्ण वाळू दिला. खडू आडवा धरला आणि मुरवायला सुरुवात करणार, तो थांबलो. स्वयंपाकघरात पत्नी करंज्यांच्या कडा कातत होती. मी तिला हाक मारली आणि खडू पुढे केला. “आधी तू काहीतरी काढ.”

“मी? काय काढू?”

“काहीही.”

तिने पिठाचा हात पदराला पुसला, माझ्याकडे संशयाने पाहिले आणि एक पणती काढली. ज्योत वाऱ्याने एका बाजूला झुकावी तशी झुकलेली होती आणि पणतीचा तळ एका बाजूने उचललेला होता. ते दुरुस्त करण्याची सूचना माझ्या ओठांपर्यंत आली होती. मी खडूचा डबा बंद केला.

आता प्रश्नाकडे परत येतो, कारण तो अर्धवट सोडणे माझ्या स्वभावात नाही. मुरवलेला फळा पुसल्यावर कोरा होतो. न मुरवलेला होत नाही. त्यावर जे पहिल्यांदा काढले ते राहते. एवढे मी पाहिले आहे आणि एवढेच सांगतो. तरीही माझ्या शब्दावर विसंबू नये. प्लायच्या दोन फळ्या घ्याव्यात, दोन्हींना सारखाच रंग द्यावा, एक मुरवावी, दुसरी घरातल्या माणसाच्या हाती द्यावी. मग दोन्ही ओल्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळल्यावर, कलत्या उन्हात धराव्यात आणि काय दिसते ते कृपया आपण स्वतः पाहावे.